चाकांवरचं छोटं घर: विकत घ्यायचं की स्वतः बांधायचं?

नमस्कार मंडळी! चाकांवरचं छोटं घर हवंच, इथपर्यंत तुमचं ठरलंय असं धरून चालतो. आता तयार घ्यायचं की स्वतः बांधायचं?

या प्रश्नावर सगळे थेट पैशांवर येतात. मी आधी विचारेन, घर उभं कुठे करणार? कारण जागेचा मालक, विमा कंपनी आणि कर्ज देणारी बँक फिरून फिरून एकच विचारतात: हे बांधलं कुणी आणि तपासलं कुणी? अमेरिकेत काही आरव्ही पार्क (राहण्याची सोय असलेल्या गाड्या, म्हणजे आरव्ही, उभ्या करायच्या जागा) आरव्हीआयए या आरव्ही उत्पादकांच्या संघटनेचा शिक्का मागतात आणि तो फक्त त्या संघटनेच्या सदस्य उत्पादकांच्या गाड्यांवर असतो. तुम्ही घर कितीही देखणं बांधा, तो शिक्का तुम्हाला मिळणार नाही. तुमची जागा अशी असेल तर विषय संपला, तयार घ्या. आणि हो, 2018च्या अमेरिकन बांधकाम संहितेतलं, 400 चौरस फुटांपर्यंतच्या छोट्या घरांच्या नियमांचं ‘परिशिष्ट क्यू’ लोक उठसूट पुढे करतात. ते पायावर उभ्या असलेल्या घरांसाठी आहे. चाकांवरच्या घराला ते आपोआप लागू होत नाही.

जागेचं जमलं? मग वजनाकडे या. बांधणारे हमखास इथेच अडकतात.

असं घर ट्रेलरवर, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांच्या सांगाड्यावर उभं असतं. ट्रेलरच्या पाटीवर कमाल वजन लिहिलेलं असतं. त्यात ट्रेलर, भिंती, फर्निचर, भांडीकुंडी, पुस्तकं, सगळं आलं. पाण्याची 200 लिटरची टाकी भरली की 200 किलो तिथेच गेले. युरोपात साध्या गाडीमागे ओढायच्या ट्रेलरला 3500 किलोंची मर्यादा आहे. त्यात घर बसवायचं म्हणजे प्रत्येक फळीचा हिशोब ठेवावा लागतो.

एकूण वजन मर्यादेत बसलं तरी ते कुठे पडतंय हेही बघायला हवं. साधारण 10 ते 15 टक्के भार गाडीला जोडणाऱ्या पुढच्या हुकवर यावा, असं अमेरिकेत धरतात. स्वयंपाकघर, बाथरूम, पाण्याची टाकी सगळं मागच्या टोकाला नेलंत, तर हुकवरचा भार घटतो आणि वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. म्हणजे ओटा कुठे घ्यायचा हे नुसतं आवडीवर सोडता येत नाही. अनुभवी कारखानदार हे आराखड्यातच बसवतो. स्वतः बांधणाऱ्याने भिंती उभ्या करण्याआधी कागदावर मांडावं, आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर ट्रेलर वजनकाट्यावर न्यावा.

आणखी एक, ट्रेलर स्वतः वेल्डिंग करून बनवू नका. याबाबतीत मी हट्टी आहे. घरासाठीच बनवलेला नवा ट्रेलर घ्या.

बांधण्याच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भिंतीच्या आत काय आहे हे तुम्हाला माहीत असतं. एवढ्याशा जागेत दोन माणसांचा श्वास, आंघोळ, स्वयंपाक, सगळी वाफ आतच. गॅस जळतानाही पाणी तयार होतं. ही ओल थंड लोखंडी चौकटीवर जमते आणि लाकूड कुजायला सुरुवात आतून होते, बाहेरून पत्ता लागत नाही. तयार घर घेणार असाल तर भिंती बंद होण्याआधीचे फोटो मागा. आणि सतत चालणारा एक्झॉस्ट फॅन हवाच.

वेळेचं काय? नोकरी सांभाळून बांधणाऱ्याने शनिवार-रविवार विसरावेत.

माझं मत विचाराल तर बहुतेकांनी मधला रस्ता धरावा. ट्रेलर, चौकट, छप्पर, खिडक्या-दारं असलेलं नुसतं कवच तयार घ्यायचं आणि आतलं काम स्वतः करायचं. पाऊस अडवणं आणि रस्त्याचे हादरे सोसणं हे जाणकाराकडे राहतं. कपाटाचं दार तिरकं बसलं, तर फार तर ते पुन्हा बसवावं लागतं. वायरिंग आणि गॅसची लाइन मात्र परवानाधारकाकडूनच.

वापरलेलं घर बघायला गेलात तर आधी खाली वाका. टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे टायर 2019च्या 23व्या आठवड्यात बनलाय. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांपुढचे टायर बदलायचेच, तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. मग आत जाऊन बाथरूमच्या कोपऱ्यात आणि खिडकीखाली अंगठा दाबा. लाकूड दबलं तर परत फिरा. शेवटी वजनकाट्याची पावती मागा. “अंदाजे एवढं आहे” असं उत्तर आलं, तर घर आधी काट्यावर न्यायला सांगा आणि तोवर ॲडव्हान्स देऊ नका.