व्हिपलनंतरचे दिवस

सर्जन थिएटरबाहेर येतात आणि नातेवाइकांना सांगतात, ‘ऑपरेशन चांगलं झालं.’ व्हिपल शस्त्रक्रियेबाबत हे वाक्य खरं असलं, तरी अपुरं असतं.

स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनलिकेचा भाग, सगळं काढून उरलेलं स्वादुपिंड पुन्हा आतड्याला शिवायचं. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया आज बरीच सुरक्षित झाली आहे. अडतं ते त्या एका शिवणीपाशी. तिथून पाचकरस पाझरला, तर पोटात पू होतो. कधी तो रस शेजारची रक्तवाहिनी कुरतडतो, आणि बरा होत आलेला रुग्ण अचानक रक्तस्रावानं कोसळतो.

मग धोका कुणाला जास्त? उत्तर उलटं वाटेल. कर्करोगाच्या गाठीनं स्वादुपिंडातली नलिका तुंबली, की ही ग्रंथी घट्ट होते, नलिका फुगते आणि टाके धरतात. गाठ निरुपद्रवी असेल, तर ग्रंथी बहुधा मऊ आणि नलिका बारीक. तिथे टाका घालणं म्हणजे लोणी शिवणं!

२०१३ मध्ये अमेरिकी सर्जनांनी या धोक्याचे गुण ठरवले. ग्रंथीचा मऊपणा, आजाराचा प्रकार, नलिकेची रुंदी, ऑपरेशनमधला रक्तस्राव. बेरीज शून्य ते दहा. सात किंवा त्याहून जास्त, तर धोका मोठा. रक्तस्राव सोडला, तर यातलं काहीच सर्जनच्या हातात नसतं.

पुढचं ड्रेनची, म्हणजे पोटात साचलेलं पाणी बाहेर काढणारी नळी सांगते. तिच्यातल्या पाण्यात अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या पाचकरसातलं विकर, किती, हे पहिल्या दिवसापासून मोजता येतं. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ते रक्तातल्या कमाल सामान्य पातळीच्या तिपटीहून जास्त असेल आणि रुग्णाची तब्येतही त्यामुळे बिघडत असेल, तरच त्याला फिस्टुला, म्हणजे खरी त्रासदायक गळती, म्हणायचं. नुसता आकडा वाढला, तर ती फक्त गळतीची नोंद. ही व्याख्या २०१६ मध्ये सुधारली गेली. ती ठरवणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. शैलेश श्रीखंडेही होते.

पण भाकीत करून उपयोग काय? नेदरलँड्सच्या १७ रुग्णालयांनी हे तपासलं. रोज ताप, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी), पांढऱ्या पेशी आणि ड्रेनचं अमायलेज पाहायचं. सीटी स्कॅन कधी, पू बाहेरून नळी घालून कधी काढायचा, हे ठरलेल्या नियमानं सुचवायचं. १,७४८ रुग्णांच्या त्या अभ्यासात रक्तस्राव, अवयव निकामी होणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलं. नवं औषध नव्हतं, नवं यंत्रही नव्हतं. सीटी स्कॅन मात्र वेळेवर झाला.