पटावर नाव लागलं, पुढं काय?

हा रॅम्प बघा. नाशिकमधल्याच एका शाळेचा आहे, कुठल्या ते सोडा, असले रॅम्प जागोजागी सापडतील. पायऱ्यांवर सिमेंट ओतलंय, बाजूला पाईप लावलाय, व्हीलचेअरचं निळं चित्र पण काढलंय. आता हिशोब असा की 1 फूट चढायचं तर उतार 12 फूट लांब पाहिजे, इथं ओटा 2 फुटांचा आहे म्हणजे रॅम्प 24 फूट लागतो, आणि हा आहे जेमतेम 7 फूट. व्हीलचेअरवरचं पोरगं यावरून एकटं चढूच शकत नाही, मागून दोघांनी ढकलायचं, आणि उतरताना काय होतं ते विचारूच नका. पण फोटोत रॅम्प दिसतो ना, मग फॉर्मवर टिक होते.

कायद्यात म्हणाल तर कमी काहीच नाहीये. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आहे, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलंय, अगदी वाचन-लेखनात अडखळणारी, म्हणजे डिस्लेक्सियाची मुलं पण. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत घराजवळच्या शाळेत नाहीतर स्पेशल शाळेत फुकट शिकता येतं, आणि कुठली शाळा ते शाळेनं नाही ठरवायचं, मुलानं आणि घरच्यांनी ठरवायचं. तोंडावर नाही असं आता कोणी म्हणत पण नाही. 'घेतो हो ताई, पण लक्ष कोण देणार?' एवढंच म्हणतात. समजायचं ते आई समजते.

चला, वर्गात जाऊ. चौथीचा वर्ग आहे, दुसऱ्या बाकावर भिंतीकडेला ही मुलगी, तिचं नाव आपण सांगणार नाहीये, दोन्ही कानांना मशीन आहे. लोकांना वाटतं मशीन लावलं की झालं, पण तसं नसतं, मशीन सगळेच आवाज मोठे करतं, बाईंचा आवाज, पंख्याची घरघर, बाक सरकवल्याचा आवाज, बाहेर रिक्षाचा हॉर्न, सगळं एकदम कानात. त्यात बाई फळ्याकडं तोंड करून बोलल्या की ओठ पण दिसत नाहीत, म्हणजे उरलंसुरलं पण गेलं.

श्रुतलेखनात तर गंमतच व्हायची. बाई 'पान' म्हणाल्या की ही 'मान' लिहायची, कधी 'बाण'. प, ब आणि म बोलताना ओठ सारखेच मिटतात, ओठांवरून शब्द ओळखणाऱ्या पोरीनं करायचं काय? वहीत लाल फुल्याच फुल्या, आणि शेरा काय तर 'लक्ष नसते'.

मग विशेष शिक्षिका, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलेल्या मॅडम, आल्या, मागं बसून दोन तास वर्ग बघितला आणि बाईंशी बोलल्या. आता बाई नुसतं 'पान' सांगत नाहीत, 'पिंपळाचं पान' सांगतात, आधी लिहितात आणि मग वळून बोलतात, मागच्या बाकावरच्यानं उत्तर दिलं की तेच उत्तर स्वतः परत बोलतात. बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधलेत, त्यामुळं करकर कमी झाली. खर्च शून्य! आणि मागं बसणारी पोरं, ज्यांना कानाचा काहीच त्रास नाही, त्यांचं पण श्रुतलेखन सुधारलंय असं बाई सांगतात.

याच वर्गात एक मुलगा आहे, त्याला समजायला वेळ लागतो. बाकीचे वहीत 80 भागिले 4 करत असतात तेव्हा तो खेळण्यातल्या 10 च्या 8 नोटा चौघांत वाटतो, उत्तर सगळ्यांचं 20 च येतं. त्याला कोपऱ्यात चित्र रंगवायला बसवलं असतं तरी पटावर हजेरी लागलीच असती. खरी अडचण हीच आहे, मूल वर्गात बसलंय की शिकतंय हे हजेरीत कळत नाही.

विशेष शिक्षिका मात्र रोज येऊ शकत नाहीत. सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये सांगितलंय की प्राथमिकला अशा 10 मुलांमागं 1 विशेष शिक्षक आणि पुढच्या वर्गांना 15 मुलांमागं 1. इथं गटसाधन केंद्रातून, म्हणजे आसपासच्या शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रातून, एकच मॅडम कितीतरी शाळा बघतात, परत कधी येणार विचारलं तर नुसत्या हसल्या. आणि वर्गाच्या बाईंना तरी दोष कसा द्यायचा, त्यांच्यामागं पोषण आहाराच्या नोंदी, सर्व्हे, इलेक्शन ड्युटी, त्यातून वेळ काढून त्या हे करतायत.

मशीनवाल्या मुलीची आई अंबडला कंपनीत जाते. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी एक दिवस गेला की त्या दिवसाचा पगार गेला, वर धाकधूक वेगळीच, टक्के 40 च्या खाली आले तर? 38 टक्केवाल्या पोराला वर्गात काय जास्त ऐकू येतं होय! पण नियम म्हणजे नियम.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, त्यात ही आई पण आहे. परवाच्या मीटिंगमध्ये बाकीचे पाण्याच्या टाकीवर भांडत होते, एकानं हळूच 'अशा मुलांमुळं आमची मागं पडतात' पण म्हणून घेतलं. तिनं एकच विचारलं, 'सर, पाचवीचा वर्ग रस्त्याच्या बाजूला आहे आणि बाई पण बदलणार, मग नव्या बाईंना हे सगळं कोण सांगणार?' मुख्याध्यापकांनी वहीत लिहून घेतलंय. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत वर्गांची अदलाबदल होते का ते बघायचंय, अजून काही ठरलेलं नाही.