माशीच्या घड्याळावर

(दृश्य: अंधारा व्हरांडा. टोकाच्या खोलीत दिवा लागतो.)

सकाळचे सव्वासहा. कॉलेजच्या फाटकाचं एकच दार उघडलंय. प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र कुणीतरी पोहोचलंय. सॅक अजून पाठीवरच, अ‍ॅप्रनची बटणं एक सोडून एक लागलेली, आणि हातात कापसाचा बोळा लावलेली एक छोटी बाटली. बाटलीत फळमाश्या.

ही जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजचा दिवस आपण तिच्या मागे फिरणार आहोत. तिचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं आहे, पण त्यावर फार विसंबू नका. दिवसातले बरेच तास त्यात लिहिलेलेच नाहीत, आणि ते प्राध्यापकही ठरवत नाहीत.

या माशीचं शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. ड्रोसोफिला म्हणजे दवाची आवड असणारी. नाव शोभतं तिला, कारण कोषातून बाहेर पडायला ती पहाटेचीच वेळ धरते. म्हणून ही मुलगीही पहाटे हजर.

तिला हव्या आहेत पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या, आणि त्याही नराशी मिलन न झालेल्या. प्रयोगशाळेच्या बोलीत ‘व्हर्जिन’. मादी एकदा मिलन झालं की शुक्रपेशी शरीरात साठवून ठेवते आणि पुढे कित्येक दिवस त्याच वापरून अंडी घालते. मग तिच्या पिल्लांचा बाप कोण, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. सुदैवानं कोषातून निघाल्यावर पहिले साधारण आठ तास मादी नराला दाद देत नाही. काल रात्री बाटली 18 अंशांवर ठेवली होती. गारव्यात माशीची वाढ मंदावते आणि आठ तासांचे जवळपास सोळा होतात. तेवढीच काय ती झोपेची सवलत.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली निपचित पडलेल्या माश्या. बारीक कुंचला त्यांना बाजूला सारतो.)

ईथरचा बोळा लावला की माश्या गुंगतात. पंख अंगापासून ताठ उभे राहिले, तर मात्रा जास्त झाली असं समजायचं; ती माशी आता उठत नाही. नर ओळखायला सोपे: आकारानं लहान, पोटाचं टोक काळं, पुढच्या पायांवर कंगव्यासारखे केस. नुकतीच निघालेली मादी फिकट असते आणि तिच्या पोटातून एक गडद ठिपका दिसतो. तो ठिपका दिसला, की खात्री.

आज नऊ मिळाल्या. तिच्या चेहऱ्यावरून ही संख्या चांगली असावी.

1910 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर दिसला, आणि त्याच्या वंशावळीतून डोळ्यांच्या रंगाचं ते जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याचं उलगडलं. तिला तेच पडताळायचंय. आई पांढऱ्या डोळ्यांची, बाप लाल डोळ्यांचा: मुलग्याला एक्स फक्त आईकडून मिळतं, म्हणून मुलगे सगळे पांढऱ्या डोळ्यांचे व्हायला हवेत; मुलींना बापाचंही मिळतं, म्हणून त्या सगळ्या लाल. एक जरी मादी बाटलीतल्या पांढऱ्या डोळ्यांच्या नराशी आधीच ‘लग्न झालेली’ निघाली, तर पांढऱ्या डोळ्यांच्या मुलीही दिसतील आणि सगळी मोजणी वाया. हे कळणार कधी? 25 अंशांना अंड्यापासून माशी व्हायला दहाएक दिवस लागतात. म्हणजे आज अर्धा तास जास्त झोपलं, तर त्याचं बिल दहा दिवसांनी येतं.

पुढचे दोन तास व्याख्यानांचे. आज क्रेब्ज चक्र, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा मिळवते ती रासायनिक क्रियांची साखळी; पाठांतराचा जुना डोंगर. हान्स क्रेब्ज यांनी 1937 साली या चक्रावरचं टिपण ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकाकडे पाठवलं, तेव्हा आधीच पुष्कळ पत्रं पडून आहेत म्हणून ते छापायला घेतलं गेलं नाही. ही गोष्ट फळ्यावर येत नाही. आली असती, तर शेवटच्या बाकावरचे दोघे कदाचित जागे राहिले असते.

(दृश्य: चंचुपात्रांवर ठेवलेले कांदे, पाण्यात उतरलेली पांढरी मुळं.)

वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल. कांद्याच्या मुळांची टोकं सकाळीच कापून अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या मिश्रणात टाकलेली. त्या मिश्रणात पेशी ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत थांबते. मग कोमट हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये टोक मऊ करायचं, अ‍ॅसिटोकार्मिननं रंगवायचं, कव्हरस्लिप ठेवायची आणि अंगठ्यानं दाबायचं. हा अंगठाच खरी परीक्षा घेतो. कमी दाबला तर पेशी एकमेकींवर चढलेल्या राहतात, जरा सरकला तर कव्हरस्लिप तडकते. तिची पहिली तडकली. दुसरी जमली.

भिंगाखाली बहुतेक पेशी नुसत्याच गोल केंद्रकाच्या. विभाजन चाललेल्या थोड्या, आणि त्यांत अ‍ॅनाफेज, म्हणजे गुणसूत्रांच्या दोन तुकड्या दोन टोकांना निघालेल्या असतात ती अवस्था, शोधून डोळे दुखतात. याचं कारण मला फार आवडतं. ती अवस्था दुर्मीळ दिसते, कारण ती चटकन संपते. शंभर पेशींत कुठल्या अवस्थेतल्या किती, हे मोजलं की कुठली अवस्था किती वेळ टिकते याचा अंदाज येतो. केव्हाच मेलेल्या, रंगवलेल्या पेशींवरून वेळ सांगायची! ती मोजत बसलीय. ओठ हलताहेत, बोलण्यात अर्थ नाही.

(दृश्य: हलणाऱ्या तबकडीवर फिरणारा शंकूच्या आकाराचा चंबू.)

दुपारी जीवाणू. ई. कोलायला 37 अंश आणि पौष्टिक माध्यम मिळालं, की साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. कागदावर हिशेब केला तर एका पेशीच्या आठ तासांत 1 कोटी 67 लाख. चंबूत तसं चालत नाही. आधी काही वेळ सगळं सुस्त असतं, मग वाढ उसळते, मग अन्न संपत आलं की थबकते. या वळणाचा आलेख काढायचा, तर दर वीस मिनिटांनी थोडं माध्यम काढून 600 नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याचा गढूळपणा मोजावा लागतो. एक मोजणी चुकली, तर नेमकं वळण निसटतं.

“तू घे ना गं पुढचं रीडिंग, मी दहा मिनिटांत आले.”

“मागच्या वेळचे तुझे दहा मिनिट आठवतायत मला.”

मैत्रीण जाते आणि यायला तिला पाऊण तास लागतो. हे दोघींनाही आधीच माहीत होतं.

दोन मोजण्यांमधल्या वीस मिनिटांत जर्नल. बाहेरच्यांना हा चित्रकलेचा तास वाटेल. पण इथे पेन्सिल घासून छटा दिलेली चालत नाही, गडदपणा ठिपक्यांनी दाखवायचा. नावांच्या रेषा एकमेकींना छेदता कामा नयेत. प्रजातीचं नाव हातानं लिहिलं तर खाली रेघ हवीच. कुणाला हा काच वाटेल. मला वाटतं, वर्षभर ठिपके दिल्यावर डोळा आपोआप सावकाश होतो, आणि पेशीत नसलेलं काही काढायला हात धजत नाही. अर्थात सबमिशनच्या आदल्या रात्री चाळीस पानं ठिपकवणारी ती माझ्याशी सहमत होणार नाही.

(दृश्य: संध्याकाळ. बाटली उजेडाकडे धरलेली.)

संध्याकाळी पुन्हा माश्या. बाटलीतल्या सगळ्या मोठ्या माश्या काढून टाकायच्या, म्हणजे सकाळी जी सापडेल ती रात्रीतच निघालेली. मग बाटली 18 अंशांवर.

रात्री अकरा. टेबलावर उद्याचा धडा, जैविक घड्याळांचा. 1971 साली रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना घड्याळ बिघडलेल्या फळमाश्या सापडल्या: एकीचा दिवस 19 तासांचा, एकीचा 28 तासांचा आणि एकीला दिवस-रात्रीची लयच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात. त्या जनुकाचं काम उलगडत नेणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. तसलीच घड्याळं माणसाच्या पेशींतही आहेत. पुढच्या ओळीवर तिचं बोट थांबतं. गारव्यात माशीची वाढ मंदावते, पण तिचं हे घड्याळ जवळजवळ त्याच गतीनं चालत राहतं.

ओळीखाली ती रेघ मारते. जांभई येते. 28 तासांच्या माशीपुढे समासात स्वतःचं नाव लिहिते, आणि खोडते.

गजर साडेपाचचा. दिवा मालवल्यावर तिला आठवतं: बाटली उजेडाकडे धरली तेव्हा कापसाच्या बोळ्याच्या घडीत काहीतरी काळं होतं. माशी होती की कापसातली काडी? प्रयोगशाळेला कुलूप लागलंय. सकाळ होईपर्यंत काही करता येण्यासारखं नाही.