घास, सुई आणि मोंढ्यातली तूर

मंडळी, घरात कुणाला लकवा मारला की सगळ्यांचं लक्ष आधी हातापायाकडं जातं. दुसऱ्या दिवशी चहा पाजताना ठसका लागतो, तेव्हा कळतं की गिळणंही बिघडलंय. स्ट्रोकनंतर सुरुवातीला निम्म्याच्या आसपास रुग्णांचं असं होतं. घोट श्वासनलिकेत उतरला तर न्यूमोनिया होतो. अशा वेळी कुणी म्हणालं, गळ्याला अ‍ॅक्युपंक्चरच्या, म्हणजे औषध नसलेल्या बारीक सुया टोचल्या की घास उतरतो, तर माणूस धावणारच. त्याला मी नावं ठेवत नाही.

पण आपण लातूरकर. मोंढ्यात तूर आली की अडत्या पोत्यात सळई खुपसून आतला दाणा हातावर घेतो, वरची मूठ बघून भाव करत नाही. संशोधनालाही तीच सळई लावू.

कॉक्रेन ही उपचारांवरच्या चाचण्या गोळा करून पारखणारी संस्था. २००८ साली तिच्या आढाव्यात या सुईची निकषांत बसणारी चाचणी सापडली एकच, तीही ६६ रुग्णांची. २०१२च्या एका आढाव्यात ७२ चाचण्या आणि सहा हजारांवर रुग्ण. निकाल सुईच्या बाजूनं, पण चाचण्यांचा दर्जा कच्चा. आता ओल्या तुरीची ७२ पोती एका ढिगात ओतली, तर ढीग मोठा होईल. तूर वाळेल का?

कच्चा म्हणजे काय? कुणाला सुई द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरायला हवं. चीनमधल्याच संशोधकांनी, तशा चिठ्ठ्या टाकल्याचं छापणाऱ्या लेखकांना फोन करून विचारलं. त्या चाचण्या नाना आजारांच्या होत्या, नुसत्या सुईच्या नव्हेत. २००९ साली त्यांनी आकडा छापला: २,२३५ पैकी २०७ जणांनीच ते नीट केलेलं. हा आकडा वाचून मी दोनदा चष्मा पुसला.

दुसरं, तपासणारा कोण? ३० मिलिलिटर पाणी पाजून ठसका लागतो का बघतात. बघणाऱ्याला ठाऊक असेल की याला सुया दिल्यात, तर बारीक ठसका त्याच्या कानावर येत नाही. लबाडीच असते असं नाही, कौतुक असतं. रुग्णालाही कळू नये म्हणून १९९८ साली खोटी सुई निघाली. नाटकातल्या खंजिरासारखी ती मुठीत सरकते, कातडीत शिरत नाही. गिळण्याच्या कितीतरी चाचण्यांत तीसुद्धा नाही. एका गटाला व्यायाम, दुसऱ्याला व्यायाम आणि सुई, एवढीच तुलना.

आणि बऱ्याच जणांचं गिळणं पहिल्या काही आठवड्यांत आपोआप सुधारतं. मृगाच्या तोंडावर धोंडी काढली, पाऊस आला, श्रेय बेडकाला.

मागून मामा विचारतायत, "मग सुई घ्यावी का नको?" मामा, सुई खोटी ठरली असं मी म्हणत नाही, खरी ठरायची राहिलीय. घेतलीत तर गिळण्याचे व्यायाम सोडू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुईवाल्याला आधी सांगा. आणि ठसका लागणाऱ्याला आडवं ठेवून पाणी पाजू नका. गिळणं तपासून होईपर्यंत चहासुद्धा नको, त्यानं कितीही मागितला तरी.