वहीत नसलेला रकाना

आवाज येतोय ना मागपर्यंत? शेवटच्या रांगेतल्या त्या गृहस्थांचे डोळे आत्ताच मिटायला लागलेत. खांद्यावर दुधाचा डाग आहे, म्हणजे आपल्यातलेच. असू द्या.

विषय दिलाय, 'नव्या आईबाबांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी'. माझं भांडण त्या 'स्वतःची' शब्दाशीच आहे. पण आधी वहीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही.

बाळ घरी आलं त्या दिवशी नवऱ्याने एक वही केली. माणूस हिशेबी. पट्टीने आखलेले रकाने: दूध किती वाजता, कुठल्या बाजूला, शू, शी आणि शीचा रंग. रंगाच्या त्याने सहा छटा ठरवल्या होत्या. भिंतींना रंग देताना याच माणसाला पांढरा आणि मोतिया यांत फरक दिसला नव्हता! नवजात बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पितं, त्यामुळे पानं भराभर भरायची. शिंक, उचकी, सगळ्याची नोंद. अकराव्या रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी दूध पाजून झालं, मी वही ओढली आणि समासात लिहिलं, 'आई रडली. कारण नाही.' दुसरी जागाच नव्हती. सकाळी बघते तर त्यापुढे लाल शाईत बरोबरची खूण! रात्रीच्या नोंदी तपासल्या की तो तशी खूण करायचा. विचारलं, वाचलंस का? म्हणाला, वाचलं की. मग? ''मला वाटलं, नोंद झाली.''

हसा, हसा. मी तेव्हा हसले नव्हते, चार दिवस धड बोललेही नाही. आता त्याची बाजू: तो ऑफिसबाहेर गाडीत बसून रडायचा, हे मला दीड वर्षाने कळलं. त्याच्या वाट्याला तर समासही नव्हता. येणारा जाणारा विचारायचा, ''रात्री झोपतं का हो बाळ?'' आई झोपते का, हे विचारलेलं मला एकदाही आठवत नाही. वर सल्ला, बाळ झोपलं की आपणही झोपायचं. आणि भांडी? ती बाळ उठल्यावर घासेल बहुतेक.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मुख्य विषय पाच मिनिटांत. बरं.

बाळंतपणात वार पडली की इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं धाडकन खाली येतात. दोन-तीन दिवसांनी सुरू होणारं रडू अर्ध्याहून जास्त बायकांना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, बाळ गाढ झोपलेलं असतानाही डोळा लागेना, कशातच जीव रमेना, तर ते नैराश्य असू शकतं. ते बापांनाही होतं. उपचार आहेत, अंगावर पाजत असताना चालणारी औषधंही आहेत. हे नैराश्य हुडकायला १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार झालेली एडिनबरा प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे, मागच्या सात दिवसांबद्दल. पहिलाच प्रश्न हसू येतं का, याबद्दल. म्हणून मघाशी तुम्हाला हसवून बघत होते. दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल. तिथे 'कधीच नाही' सोडून दुसरं काहीही उत्तर आलं, तर गुणांची बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. भास होणं, भलते संशय येणं ही तर तातडीची वेळ.

बाळाचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला पोचतं. आपला तोल जातोय असं वाटलं, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा आणि पाच-दहा मिनिटं खोलीबाहेर जा. रडू दे. गदागदा हलवायचं मात्र कधीही नाही.

आणि झोप. रात्रीच्या दोन पाळ्या करा, नऊ ते दोन आणि दोन ते सात. काढून ठेवलेलं दूध किंवा वरचं दूध चालत असेल तर सोपं. नसेल, तर बाळ आणून द्यायचं, ढेकर काढायचा, परत निजवायचं, हे सगळं दुसऱ्याचं. एकट्याने मूल वाढवत असाल, तर मित्राकडे, बहिणीकडे एक रात्र सरळ मागा. सलग चार-पाच तासांची झोप कुणीतरी जागं राहिल्याशिवाय मिळत नाही. मग ती 'स्वतःची काळजी' कशी?

हां, त्या चार दिवसांच्या अबोल्यानंतर पाचव्या दिवशी नवऱ्याने वहीत 'आई' असा रकाना आखला. पट्टीनेच. शेजारचा 'बाबा' मी आखला, वाकडा.

दुसरी चिठ्ठी. संपवते. प्रश्न विचारा, पण हळू आवाजात. ते मागचे गृहस्थ आता घोरतायत.