संजू उशिरा सायकलवर बसतो

लहानपणी 'जो जीता वही सिकंदर' बघितलेल्या कुणालाही विचारा, काय आठवतं? शेवटची सायकल शर्यत. मग 'पहला नशा'. मग श्रीमंत कॉलेजातल्या शेखर मल्होत्राचा माज. शर्यतीचा सिनेमा म्हणूनच तो डोक्यात बसलाय.

आता मोठेपणी, जरा कॅमेऱ्याकडे आणि कटकडे, म्हणजे एक दृश्य तुटून दुसरं येतं त्या जागांकडे, लक्ष ठेवून पुन्हा बघा. शर्यतीच्या या सिनेमाचा नायक कितीतरी वेळ शर्यतीच्या वाटेलाच जात नाही! धाकटा संजू, म्हणजे आमिर खान, उनाडक्या करतो, थापा मारतो, श्रीमंत घरातला असल्याचं सोंग आणून देविकाच्या मागे फिरतो. घाम गाळतो तो थोरला रतन. तो जखमी होऊन अंथरुणाला खिळतो, तेव्हा कुठे संजू हँडल हातात घेतो.

लहान असताना हा सगळा भाग आपण 'आता शर्यत कधी?' म्हणत ढकलत नेला. खरं तर दिग्दर्शक मन्सूर खानची सगळी गुंतवणूक तिथेच आहे. डेहराडूनमधल्या महागड्या राजपूत कॉलेजची पोरं गावातल्या मॉडेल कॉलेजवाल्यांना 'पजामा छाप' म्हणतात. हा शब्द आधी पुरेसा बोचला नाही, तर शेवटी कोण पुढे गेलं याचं कुणाला काय पडलंय?

पडद्यावरचं डेहराडून मात्र बरंचसं तमिळनाडूत, कोडाईकनालला उभं राहिलंय. हे कळल्यावर ती धुक्याची वळणं पुन्हा बघायला वेगळीच मजा येते. आणि शाळा-कॉलेजच्या वयाचा म्हणून दाखवलेला आमिर सिनेमा आला तेव्हा २७ वर्षांचा होता, हेही आता लपत नाही.

'पहला नशा'कडे वळू. हे फराह खानच्या नृत्यदिग्दर्शनाचं सुरुवातीचं काम. गाणं तरंगत जातं, हालचाली संथ, पण ओठ शब्दांवर बरोबर पडतात. कसे? कॅमेरा नेहमीपेक्षा जास्त वेगाने फ्रेम्स टिपतो, म्हणून सेटवर गाणंही तितक्याच वेगाने वाजवतात. कलाकार त्या धावत्या गाण्यावर ओठ हलवतात, आणि पडद्यावर नेहमीच्या वेगात आल्यावर सगळं हवेत तरंगू लागतं. पडद्यावर प्रेमाची धुंदी, सेटवर नुसती घाई.

सिनेमाचं वेड लागलेल्या माणसाला पुढे कधीतरी १९७९चा अमेरिकी 'ब्रेकिंग अवे' भेटतोच. तिथेही गावातली पोरं विरुद्ध कॉलेजची पोरं, आणि तिथेही सायकल. कुणी लगेच 'चोरी' म्हणून मोकळं होतं. मला ते पटत नाही. तिथला मुलगा पहिल्यापासून सायकलवेडा आहे, इटालियन सायकलपटूंची पूजा करणारा. आपल्या संजूला सायकलशी घेणंदेणं नाही. त्याला वडिलांच्या, रामलालच्या, नजरेत रतनसारखं व्हायचंय. कुलभूषण खरबंदांनी तो रामलाल फार आवाज न करता उभा केलाय. 'रूठ के हमसे कभी' लागतं तेव्हा लहानपणी पाणी प्यायला उठायचो आपण. आता त्याच गाण्यात हे दोन भाऊ खरे कळतात.

देविकाचं पात्र मात्र आज खटकतं. पैसा दिसला की हसायचं, नाही दिसला की पाठ फिरवायची, यापलीकडे तिला काही दिलेलंच नाही. संजूची मैत्रीण अंजली, तिच्याकडे निदान गॅरेजमधलं काम आहे, स्वतःचं मत आहे.

आणि ती शर्यत? खेळ म्हणून बघाल तर अशक्य प्रकार आहे. ऐन शर्यतीत संजू आणि शेखर सायकली टाकून हाणामारी करतात, बाकीचे स्पर्धक पुढे निघून जातात, आणि तरी हे दोघे सगळ्यांना गाठतात. खरा सायकलपटू डोक्याला हात लावेल. पण हा हिशेब बघताना डोक्यात येतच नाही, कारण संकलक जफर सुलतान तो करायला सवड देत नाहीत. पायडल, चेहरा, चाक, प्रेक्षक, पुन्हा चेहरा. किती अंतर उरलंय हे डोळ्याला मोजू दिलेलंच नाही. मोजायला मिळतो तो फक्त रतनचा चेहरा. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाबरोबरच संकलनाचंही फिल्मफेअर मिळालं. पुन्हा बघाल तेव्हा ती हाणामारी संपल्यापासूनचा भाग एकदा आवाज बंद करून बघा आणि कट मोजत बसा.