पोलिसांना सगळं सांगितलं, वकिलाला अर्धंच

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसमोर झालेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी वकील नाहीये. मी कोर्टात दुभाषी म्हणून काम करते, मराठी आणि हिंदी. आमची शपथ असते, त्यामुळे कोणाचीही केस मी इथे सांगणार नाही, नाव सोडून सुद्धा नाही. पण इतकी वर्षं त्या छोट्या खोल्यांमध्ये आरोपी आणि वकील यांच्या मधल्या खुर्चीत बसून एक गोष्ट मला परत परत दिसली आणि ती बघून दर वेळी जीव तुटतो. आपली माणसं पोलिसांना सगळं सांगतात आणि स्वतःच्या वकिलाला अर्धंच सांगतात. नेमकं उलटं करायला हवं, आणि आज मला एवढंच सांगायचंय.

पहिला घोळ शब्दापासूनच सुरू होतो. आरोपीला सांगतात की तुमच्याकडे पैसे नसतील तर पब्लिक डिफेंडर मिळेल, सरकार पैसे देतं. आता हे घरच्यांना फोनवर सांगताना कोणीतरी म्हणतं, "सरकारी वकील देणारेत". झालं! आपल्याकडे सरकारी वकील म्हणजे आरोपीच्या विरुद्ध उभा राहणारा, पोलिसांच्या बाजूचा. सांगलीत बसलेले वडील घाबरतात, म्हणतात त्याच्यासमोर तोंड उघडू नकोस. आणि मुलगा खरंच त्या एकमेव माणसासमोर गप्प बसतो जो त्याच्या बाजूचा आहे. म्हणून मी म्हणते, पब्लिक डिफेंडरला मराठीत बचावाचा वकील म्हणा. तुमच्या विरुद्ध असतो तो प्रॉसिक्युटर. पगार दोघांनाही सरकारच देतं, पण पब्लिक डिफेंडरची बांधिलकी तुमच्याशी असते, तुम्ही सांगितलेलं तो प्रॉसिक्युटरला सांगू शकत नाही.

हा हक्क कुठून आला ते ऐका. फ्लोरिडात क्लॅरन्स गिडियन नावाचा गरीब माणूस होता, एका पूल रूममध्ये घुसून चोरी केल्याचा आरोप. त्याने वकील मागितला, जज नाही म्हणाला, आणि त्याला शिक्षा झाली. त्याने तुरुंगातून पेन्सिलीने सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. १९६३ मध्ये कोर्टाने सांगितलं की फेलनीच्या आरोपीला वकील परवडत नसेल तर राज्याने द्यायलाच हवा. परत खटला चालला, या वेळी वकील होता, आणि ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. माणूस तोच, आरोप तोच, फक्त शेजारी वकील बसला होता.

आता फेलनी म्हणजे काय. साधारणपणे ज्या गुन्ह्याला एक वर्षापेक्षा जास्त कैद होऊ शकते तो. आपल्या न्यू जर्सीत हा शब्द कायद्यात वापरतच नाहीत, इथे इंडायटेबल क्राइम म्हणतात, पहिल्या ते चौथ्या डिग्रीपर्यंत, म्हणून लोकांना वाटतं आपल्यावर फेलनी नाहीये, चला सुटलो. तसं नसतं. दुकानातून २०० डॉलरची वस्तू पैसे न देता नेल्याचा आरोप असला तरी इथे चौथी डिग्री लागते, म्हणजे १८ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ५०० डॉलरच्या वर गेलं की तिसरी डिग्री, तिथे ३ ते ५ वर्षं. सेल्फ चेकआउटला उभं असताना हे आकडे आपल्या डोक्यात नसतात.

दुसरा घोळ भारतातून आपण सोबत आणतो. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ पासून नियम आहे की पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय त्यातही तो आहेच. मनात कुठेतरी असतं, पोलिसांशी बोललं तर काय एवढं, कोर्टात सांगू नंतर. इथे पोलिसांसमोर बोललेलं पुरावा म्हणून चालतं हो! तुम्हाला गप्प बसण्याचा आणि वकिलाचा हक्क वाचून दाखवला आणि तरी तुम्ही स्वतःहून बोललात तर ते ज्युरीसमोर वाजवतात, तुमच्याच आवाजात. आणि आपण बोलतो काय? "सॉरी सर." मराठी माणसाचं सॉरी म्हणजे तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल वाईट वाटतं. कागदावर उतरलं की ती कबुली दिसते. "चूक झाली" हे तर त्याहून वाईट, ते मी शब्दाला शब्द इंग्रजीत सांगते तेव्हा माझ्याच अंगावर काटा येतो, पण मला बदलता येत नाही, मला जे बोललं तेच बोलायचं असतं. मान हलवू नका, आपल्या मान हलवण्याचा अर्थ तिथे कोणालाच कळत नाही.

आणि आपली भीड! १९९४ चा एक सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, डेव्हिस नावाच्या नौदलातल्या माणसाचा. चौकशी चालू असताना तो म्हणाला, मी बहुतेक वकिलाशी बोलायला हवं. कोर्ट म्हणालं, ही मागणी स्पष्ट नाही, पोलिसांनी थांबायची गरज नव्हती. आता सांगा, आपण घरात पाणी मागताना सुद्धा "मिळेल का जरा" म्हणणारी माणसं, आपण त्या खोलीत काय म्हणणार? बहुतेक, जरा, जमलं तर, बघू या. हे चारही शब्द घरी ठेवून जा. "मला वकील हवाय. मी वकिलाशिवाय बोलणार नाही." एवढं इंग्रजीत पाठ करा, मोठ्याने म्हणा, आणि मग खरंच गप्प बसा. नुसतं गप्प बसूनही भागत नाही, २०१३ च्या एका निकालापासून, अटक नसताना, स्वखुशीने चौकशीला गेलेला माणूस गप्प बसण्याच्या हक्काचा उल्लेख न करता नुसता गप्प बसला तर ते गप्प बसणंसुद्धा त्याच्याविरुद्ध वापरू दिलंय.

जेलमधला फोन रेकॉर्ड होतो. मराठीत बोललो तर कोणाला कळणार असं वाटतं ना? ते रेकॉर्डिंग भाषांतराला आमच्यासारख्यांकडेच येतं. आईशी बोला, जेवलास का विचारा, केसबद्दल एक अक्षर नको. आणि व्हॉट्सअॅप डिलीट करायला कोणाला सांगू नका, त्याचा वेगळा गुन्हा होऊ शकतो.

आता वकिलाच्या खोलीत या. इथे आपण संकोच करतो. प्यायलो होतो हे सांगायचं नाही, कारण वकिलीणबाई मुलीच्या वयाच्या आहेत. बायकोशी भांडण झालं होतं, सांगायचं नाही. आधी एकदा पोलीस घरी आले होते, ते तर अजिबात नाही. मग हे सगळं प्रॉसिक्युटरच्या कागदांतून वकिलाला कळतं, आणि तोवर बचाव भलत्याच गोष्टीवर उभा केलेला असतो. वकिलाला तुम्ही भले की बुरे हे ठरवायचं नसतं, त्याला समोरच्याकडे काय पुरावा आहे हे तुमच्या आठवणीशी ताडून बघायचं असतं. एक मात्र, त्या खोलीत भाऊ, मित्र, काका यांना बसवू नका. तिसरा माणूस असला की वकील-अशील गुप्ततेचं संरक्षण जाऊ शकतं. माझ्यासारखी कामासाठी बोलावलेली दुभाषी चालते, पण मुलाला बापासाठी भाषांतर करायला बसवणं तर सोडूनच द्या, त्या मुलावर काय ओझं पडतं ते मी पाहिलंय.

पैशाचं पटकन सांगते. फी लेखी घ्या, ट्रायलला गेलं तर वेगळे लागतील का ते विचारा. केस जिंकलो तरच फी असं क्रिमिनल केसमध्ये करायला वकिलांच्या नियमांनी मनाई आहे, तसं कोणी म्हणालं तर उठून या. आणि शंभर टक्के सोडवतो म्हणणाऱ्याकडूनही.

खरा जीव अडकतो तो प्ली बार्गेनवर, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेची प्रॉसिक्युटरशी तडजोड. २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टानेच आकडे दिलेत, फेडरल कोर्टातल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा गुन्हा कबूल केल्यानेच होतात. म्हणजे ट्रायल फार थोड्यांची, बाकी सगळं ऑफरवर. आणि ऑफर गोड वाटते, जेल नाही, प्रोबेशन म्हणजे देखरेखीखाली बाहेर, घरी जा. एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याने किंवा ग्रीन कार्डवाल्याने, म्हणजे कायम राहण्याचा परवाना असलेल्याने, इथेच थांबायचं. जोस पडिला नावाचा होंडुरासचा माणूस, ४० वर्षांहून जास्त ग्रीन कार्डवर, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेला. त्याचा वकील म्हणाला, इतकी वर्षं इथे आहेस, काळजी नको. त्याने गुन्हा कबूल केला आणि डिपोर्टेशन, म्हणजे देशाबाहेर काढणं, दारात आलं. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कबुलीमुळे डिपोर्टेशनची जोखीम आहे हे अशिलाला सांगणं वकिलाचं कामच आहे. तरी तुम्ही स्वतः विचारा, पहिल्याच भेटीत, मी सिटिझन नाहीये असं सांगा. चोरीच्या गुन्ह्यात एक वर्षाची शिक्षा सुनावून लगेच स्थगित केली, एक दिवस आत गेला नाहीत, तरी इमिग्रेशनच्या हिशोबात ते एक वर्षच, आणि वर्ष भरलं की डिपोर्टेशन ओढवू शकतं. नंतर रेकॉर्ड पुसून घेतलं तरी इमिग्रेशनला ते बहुतेक वेळा दिसतंच. कधी ३६४ दिवस आणि ३६५ दिवस यांच्यात अख्खं आयुष्य असतं, आणि ते एका दिवसाचं बोलणं वकिलाला प्रॉसिक्युटरशी आधी करावं लागतं, सही झाल्यावर नाही.

अजून एक, भारतीय माणसाला अटक झाली की कॉन्सुलेटला आपोआप कळवायलाच हवं असा नियम आपल्या देशाला लागू नाही, तुम्ही मागितलं तर कळवतात. म्हणून मागा. ते वकील बनणार नाहीत, पण भेटायला येऊ शकतात, घरी कळवू शकतात.

उन्हाळ्यात आई-बाबा येतात आपले. त्यांच्यासाठी हिंदी दुभाषी उभा करतात आणि ते बिचारे भिडेने हो हो म्हणतात. हिंदी सिनेमा कळणं वेगळं आणि "जाणूनबुजून" व "निष्काळजीपणाने" यातला फरक हिंदीत कळणं वेगळं. मराठी दुभाषी मागा, मिळायला दोन दिवस लागले तरी मागा.

आता फोन खाली ठेवा सगळ्यांनी. अटकेत पहिला तोच जातो आणि बायकोचा नंबर सुद्धा आपल्याला पाठ नसतो. मागच्या टेबलावर कोरी कार्डं आणि पेनं आहेत. एका बाजूला घरचा एक नंबर आणि एका वकिलाचा नंबर, दुसऱ्या बाजूला वकील मागायची ती दोन वाक्यं. आई-बाबांच्या कार्डावर "मला मराठी दुभाषी हवा" हे इंग्रजीत लिहा आणि त्यांच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. मी थांबलेय इथे, इंग्रजी लिहायला मदत लागली तर या.